पुठ्ठ्याखालची होडी

आखातात कुणी गाशा गुंडाळून कायमचं निघालं की त्याचं मागे उरलेलं घर शेजारीपाजारी आणि ऑफिसात वाटलं जायचं. विमानात नेणार तरी किती? आमचा फ्रिज एका तमिळ कुटुंबाकडून आला होता, इस्त्रीचं टेबल एका कोल्हापूरकराकडून, आणि गॅलरीतली तुळस तर दोन-तीन घरं फिरून आमच्याकडे नांदायला आली होती. त्यामुळे ह्यांच्या ऑफिसातले एक जपानी इंजिनिअर काम संपवून परत निघाले, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या राइस कुकरवर हक्क सांगून ठेवला होता. कुकर अकाउंट्समधल्या कुणाकडे तरी गेला. हे घरी आले ते एक चित्र घेऊन.

हे म्हणजे माझा नवरा. बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. शारजात रोल्लाच्या गजबजाटात, एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. ऑफिसात कॉम्प्युटर येऊन बसले होते आणि हेही ते शिकले होते, पण जीव अजून ट्रेसिंग पेपरवरच. एकदा हाताखालून गेलेलं ड्रॉइंग ह्यांच्या डोक्यात कायमचं राहायचं. कुठल्या इमारतीत कुठला खांब कुठे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. बायकोने सांगितलेलं सामान मात्र रोज विसरायचे.

चित्र शाळेतल्या नकाशावहीएवढं, आडवं. लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरून त्यांचे ठसे कागदावर उमटवायचे, अशा पद्धतीचं. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि एक जरी केसभर सरकला तरी सगळं बिघडतं, हे ह्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. आपणही प्लंबिंगचा कागद, लाइटचा कागद, भिंतींचा कागद असेच एकावर एक ठेवतो ना, म्हणाले. इंजिनिअरच्या केबिनमध्ये ते चित्र कितीतरी दिवस होतं आणि ऑफिसात त्याच्याकडे थांबून बघणारे हे एकटेच. म्हणून ह्यांना मिळालं. स्वतःच्या आजोबांकडून आलेलं चित्र त्या माणसाने असं का देऊन टाकलं, ते मला कधी कळलं नाही.

नदीकाठी एक बाई उभी आहे, पाठमोरी. केस पार खालपर्यंत मोकळे. वाऱ्याने उडालेली एक लांब बाही, डाळिंबी रंगाची. पुढे पाणी, काठाशी गर्द निळं आणि वर जाता जाता पांढरं होत गेलेलं. थोडे लव्हाळे, त्यांत दोन बगळे. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात काळ्या शाईत उभ्या ओळींची अक्षरं. आणि डाव्या बाजूला खाली, अगदी कडेला, होडीचं टोक. अख्खी होडी नाही, नुसतं टोक, तेही त्याच डाळिंबी रंगाचं.

ती अक्षरं म्हणजे फार जुनी कविता होती, राजदरबारातल्या कुणा बाईची. इंजिनिअरनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी ह्यांना तिचा अर्थ सांगितला होता. ती बाई रोज संध्याकाळी नदीवर येते. पलीकडून यायची ती होडी दिसत नाही. धुकं आहे म्हणून दिसत नाही, की पलीकडून ती निघालीच नाही, हे तिला कळत नाही. संपली कविता. मी म्हटलं, एवढंच? आमच्या गावच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलेलं कुणीही हे सांगेल. हे म्हणाले, मजा पुढे आहे. कवितेत होडी नाहीच. ती ह्या चित्रकाराने कैक शतकांनंतर आपल्या मनाने घातली, बहुतेक त्या बाईची दया येऊन.

ती होडी आमच्या घरी आल्या आल्या गेली. रोल्लाच्या मागच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याने काचेखाली चित्राभोवती सायीच्या रंगाचा जाड पुठ्ठा बसवला, आणि तो चारी बाजूंनी बोटभर चित्रावर आणला. हे कधी कुणावर आवाज न चढवणारे, पण त्या दिवशी दुकानात चांगले तापले. फ्रेमवाला शांतपणे म्हणाला, "पेपर दबाना पडता है साब, नहीं तो अंदर से निकल जाएगा." फ्रेम ठोकून झाली होती. म्हटलं, जाऊ द्या, आपल्याला ठाऊक आहे ना तिथे होडी आहे. तशीच घेऊन आलो.

त्यानंतर वर्षभराने वगैरे असेल, ह्यांनी एका ड्रॉइंगमधला तिनाचा आकडा आठ वाचला. मग पुन्हा एकदा तसंच. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ बघितलं आणि मला आत बोलावलं. पडद्याच्या मधोमध दुखणं होतं. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. रंगही फिके दिसायला लागतील. औषध नाही. काहींची पुष्कळ वर्षं बरी जातात, काहींचं पटकन आटपतं. ह्यांच्या मामांचं असंच झालं होतं. आमच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या भाच्याला त्यांनी हाताने चाचपून ओळखलं होतं, आणि मी नवी नवरी तेव्हा त्यांच्या प्रेमळपणाने भारावून गेले होते. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसल्यावर ती चाचपणारी बोटं मला आठवली.

कुणाला सांगायचं नाही, हे गाडीत बसल्या बसल्याच ठरलं. आमचा तिघांचाही तिथला मुक्काम ह्यांच्या व्हिसावर, आणि व्हिसा नोकरीवर. ड्राफ्ट्समनचे डोळे जाताहेत म्हटल्यावर ऑफिस काय करणार होतं? लेक तिथल्या इंडियन स्कूलमध्ये, तिला गावाकडचं घर म्हणजे उन्हाळ्यातली सुट्टी एवढंच माहीत. आईला फोनवर सांगितलं असतं तर तिने अंथरूण धरलं असतं. मग मी कुणालाच सांगितलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांची उकड काढत बायकांमध्ये हसत बसायचे, आणि आतून मी अशी एकटी होते की कुणी नुसतं कशी आहेस विचारलं तरी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचे.

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता. रोज एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, रेषा वाकड्या दिसल्या किंवा चौकटी गायब वाटल्या तर लगेच यायचं. ह्यांनी तो हातात घेतला आणि कडवट हसले. जन्मभर उभ्या-आडव्या रेषाच बघितल्या, आता घरीपण त्याच? मी त्यापेक्षा आपलं चित्र बघेन. चौकटींचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहिला आणि कडा वळून त्याची सुरळी झाली.

तेव्हा शारजातली पुष्कळ ऑफिसं दोन पाळ्यांत चालायची. दुपारी एकला सुटायचं, घरी जेवायचं, आडवं व्हायचं, चारला पुन्हा जायचं. चित्र बघायला ह्यांनी तीच वेळ धरली आणि त्यासाठी ते गॅलरीच्या काचेच्या दारासमोरच्या भिंतीवर टांगलं, कारण भरपूर उजेड फक्त तिथेच पडायचा. आखातात दुपारी पडदा उघडणारं माणूस वेडं समजायचे. आमच्या अख्ख्या इमारतीत जाड अस्तराचे पडदे सकाळीच ओढले जायचे. आमचा मात्र बरोबर जेवणानंतर उघडायचा. पश्चिमेचं ऊन आत घुसायचं, एसी कुंथायला लागायचा, आणि ते चित्र उन्हात न्हाऊन निघायचं. त्या उन्हाने त्याचं काय होईल, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. आम्हाला उजेड हवा होता.

हे सोफ्याच्या कडेला बसायचे, नेहमी त्याच जागी. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, बाई. बाही डाळिंबी. पाणी. लव्हाळे. बगळे दोन. अक्षरं. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच. मी भांडी घासता घासता ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायचे. इतकी कान देऊन मी कधी आरतीही ऐकलेली नाही. एखादा शब्द यायला जरा उशीर झाला की मी तो ओठांतल्या ओठांत म्हणायचे. शेवटचं 'अक्षरं' ऐकलं की त्या दिवसापुरती सुटका. पण पुढे पुढे सुटकाही वाटेना, कारण दुसऱ्या दिवशीचा एक वाजणार हे ठरलेलं. असं काही महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग हवं तेवढं मोठं करता येतं, त्यावर काम निभतंय, असं हे सांगायचे.

लेकीला सुरुवातीला तो खेळ वाटायचा. मोठी झाली तसं तिला सगळं कळलं, कधी कळलं ते तिने सांगितलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून आपल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मी मराठीत रागवायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हे मधे पडून दोघींनाही हसवायचा प्रयत्न करायचे. हसायला कुणी तयार नसायचं.

याच सुमारास ह्यांची आणखी एक सवय मला खुपायला लागली. बोलताना हे माझ्या तोंडाकडे बघायचे नाहीत. नजर कानाच्या मागे कुठेतरी लावून बोलायचे. मला वाटायचं, हा माणूस कंटाळलाय मला, या घराला, रोजच्या त्या पहाऱ्याला. माझ्याकडे बघून बोला, मी भिंतीवर नाहीये, असं एकदा जेवताना फटकन बोलून गेले. ह्यांनी मान किंचित फिरवली, पुन्हा तसंच बघितलं आणि म्हणाले, आमटी छान झालीय.

आणि मग एका दुपारी यादी अडली. "बाई," हे म्हणाले. मग थांबले. तळवा काढून पुन्हा ठेवला. "बाहीचा रंग उतरल्यासारखा वाटतो."

रंग जातील असं डॉक्टर म्हणालेच होते. मग मी पुढे होऊन चित्राच्या अगदी जवळ गेले आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं. मलाही बाही फिकी दिसली. पाणीही. पण मुळात ते किती लाल, किती निळं होतं, हे रोज बघणाऱ्याला कसं आठवणार? केस पिकताना आरशात दिसत नाहीत तसंच. मी लेकीला हाक मारली. तिने दारातूनच बघितलं. "इट वॉज नेव्हर दॅट रेड, आई," म्हणाली आणि गेली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मला ते चित्र विटलेलं हवं होतं. आयुष्यात कुठलीही वस्तू खराब झालेली असावी म्हणून मी इतकी आसुसले नव्हते. चित्र विटलं असेल तर ह्यांचे डोळे खरं सांगत होते, आणि विटलं नसेल तर सगळं संपलं होतं.

पुढचे काही दिवस असेच गेले. हे दुपारी म्हणायचे, बाही आणखी फिकी. मी म्हणायचे, मलाही. माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता. ह्यांना बरं वाटावं म्हणून मला फिकं दिसतंय की खरंच दिसतंय, ते ठरवता येईना.

एकदा कणीक मळायला बांगडी काढली. एवढी वर्षं त्या उन्हात बाजारहाट करून माझे हात काळवंडले होते, पण बांगडीखालची कातडी लग्नातल्यासारखी गोरी. मी पिठाचे हात तसेच ठेवून बघत राहिले. पुठ्ठ्याखाली बोटभर चित्र होतं. तिथे ऊन कधीच पोचलं नव्हतं.

शुक्रवारची सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, फ्रेम पालथी ठेवली आणि लेकीला बसवलं. काय करायचंय ते सांगितल्यावर ती पहिल्यांदाच वाद न घालता कामाला लागली. कंपासच्या टोकाने तिने मागचे चुके एकेक करून उपसले. हे आतल्या खोलीत पडले होते. मुद्दामच हाक मारली नाही, म्हटलं आधी आपण बघू. मागची फळी निघाली. तिने चित्र काढून आपल्यासमोर सुलटं ठेवलं आणि पुठ्ठा हळूच उचलला.

चारी कडांना पट्टी उमटली होती. मधलं चित्र म्हणजे दुधात पाणी आणि पाण्यात चहा. बाही चहाच्या डागासारखी, नदी धुतलेल्या धोतरासारखी. आणि कडेला, जिथवर पुठ्ठा होता तिथवर, निळं असं निळं की ते चित्र आमच्याच घरातलं यावर विश्वास बसेना. डावीकडे खाली होडीचं टोक. आत्ता सोललेल्या डाळिंबासारखं.

मी लेकीचे गाल धरून तिचं तोंड कुस्करलं. ती रडत होती आणि मीही. चित्र विटलं होतं. गेली काही वर्षं माझ्या छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला असं मला वाटलं, आणि देवघराकडे तोंड करून मी हात जोडले. ह्यांना हाक मारली. हे लुंगी सावरत आले आणि लेकीच्या समोरच्या खुर्चीवर, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले.

"अहो, तुमचे डोळे नाहीत, चित्र विटलंय," मी म्हटलं. "कडेला बघा, रंग जसाच्या तसा आहे. तुमची होडी बघा."

हे पुढे वाकले. नाक कागदाला लागेल इतके वाकले, मान तिरकी केली. मग चेहऱ्यावर हसू आलं, आणि त्यांनी डाव्या हाताकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकलं.

"ही काय," हे म्हणाले. "केवढी गडद राहिलीय गं अजून. मी म्हणत होतो ना, माझे डोळे ठीक आहेत."

चित्र लेकीच्या बाजूने सुलटं होतं. ह्यांच्या बाजूने ते उलटं होतं. होडी त्यांच्या उजव्या हाताला वर होती, लेकीच्या पुढ्यात. त्यांचं बोट कवितेच्या काळ्या अक्षरांवर होतं.

एकदा बघितलेलं ड्रॉइंग हे कधी विसरत नसत. बाई, बाही, पाणी, लव्हाळे, बगळे दोन. सोफ्याच्या त्या ठरलेल्या जागेवरून, त्या ठरलेल्या भिंतीकडे तोंड करून हे मला पाठ म्हणून दाखवत होते. कुठल्या दुपारपासून, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. बाही फिकी झाली ते ह्यांना खरंच दिसलं होतं, की दिसेनासं झाल्यावर काहीतरी सांगावं म्हणून सांगितलं होतं? आणि बोलताना कानामागे बघत होते ते कंटाळून नव्हे, माझं तोंड कडेने तरी दिसावं म्हणून.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, दॅट्स नॉट..." तिने सुरुवात केली. मी टेबलाखाली तिचं मनगट घट्ट धरलं.

"हो, तीच," मी म्हटलं.

संध्याकाळी आम्ही दोघींनी चित्र परत फ्रेममध्ये घातलं. पुठ्ठा होता तसाच, बोटभर आत; होडी पुन्हा त्याखाली. काच पुसली, चुके ठोकले. हे म्हणाले, त्याच जागी लाव, मला तिथली सवय आहे. लावलं. त्या रात्री लेक माझ्याजवळ झोपायला आली, लहानपणी यायची तशी.

दुसऱ्या दिवशी एक वाजता हे जेवायला आले. जेवण झालं. मी गॅलरीचा पडदा उघडला, ऊन आत आलं. हे सोफ्याच्या कडेला बसले, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. बाई, म्हणाले. बाही फिकी, पण तो दोष चित्राचाच. पाणी. लव्हाळे. बगळे दोन. अक्षरं. मग खुशीत येऊन यादीत एक नवा शब्द जोडला, होडी. मी ओल्या हातांनी दारात उभी होते. दुसरा डोळा झाकून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.